शहरातल्या रस्त्यावर सायकल आणि गाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडहून शिवाजीनगरला मी आठवड्यातले चार दिवस सायकलने जातो, एखाद-दोन दिवस कारने. त्यामुळे नळ स्टॉपच्या एकाच चौकात मी दोन्हीकडून उभा राहिलो आहे. कधी बसच्या चाकाशेजारी एक पाय टेकवून, कधी स्टिअरिंगवर हात ठेवून, पुढचा सायकलवाला कधी बाजूला होतो याची वाट बघत. सोसायटीतले शेजारी, ऑफिसातले सहकारी आणि नवी सायकल घेतलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं पुण्यातली आहेत, कारण रोजचे रस्ते मला इथलेच ठाऊक आहेत.

सायकलवाल्यांनी भर गर्दीच्या रस्त्यावर यावंच कशाला? ते रोड टॅक्स तरी भरतात का?

हा प्रश्न बहुतेक वेळा रागाने येतो, तरी उत्तर शांतपणे द्यायला हवं. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका बांधते. तो पैसा मिळकत करातून आणि सरकारी निधीतून येतो, आणि त्यात सायकल चालवणाऱ्याचाही वाटा असतो. एकेकाळी तर सायकललाही नगरपालिकेचा कर होता आणि पत्र्याचा बिल्ला चाकाला लावावा लागे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना आठवेल.

दुसरं म्हणजे, सायकलवर कोण असतं ते सकाळी सहा वाजता बघा. पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, चार घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी, बांधकामावर निघालेले मजूर. २०११च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांमध्ये सायकल होती. महागडं हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्याला जाणारे आम्ही त्यात मोजकेच. ‘सायकल रस्त्यावर नको’ म्हणताना आपण नेमकं कोणाला रस्त्यावरून हटवायला निघालो आहोत, ते मनात असू द्यावं.

डावीकडून चालवा म्हणतात. पण किती डावीकडून?

नवीन सायकलवाले इथेच चुकतात. भीतीपोटी ते अगदी कडेला, फुटपाथच्या दगडाला चिकटून चालवतात. त्या कडेला काय काय असतं? वाहून आलेली वाळू, फुटलेल्या बाटलीच्या काचा, चेंबरची खाली गेलेली झाकणं, चाक अडकेल अशा पावसाळी गटाराच्या जाळ्या, आणि फुटपाथवरून न बघता खाली पाऊल टाकणारी माणसं. यातलं काहीही समोर आलं की सायकल झटकन उजवीकडे वळते, आणि मागून येणाऱ्याला त्याची आधी काही कल्पना नसते.

कडेपासून साधारण हातभर आत राहा आणि सरळ रेषेत चालवा. रांगेत गाड्या उभ्या असतील तर त्यांच्यापासून निदान एक मीटर दूर. दोन उभ्या गाड्यांच्या मधली जागा मोकळी दिसली म्हणून आत शिरू नका. पुढच्या गाडीपाशी पुन्हा बाहेर यावंच लागतं आणि तेवढ्यात मागच्या ड्रायव्हरच्या लेखी तुम्ही नाहीसे झालेले असता.

पेठेतल्या अरुंद रस्त्यावर कार शेजारून सुरक्षित जाऊच शकत नसेल, तर मी मागे वळून बघतो आणि लेनच्या मधोमध येतो. उद्धटपणासाठी नव्हे. कडेला राहिलो तर मागच्याला वाटतं ‘जाईल गाडी’, आणि ती जाते माझ्या कोपराला घासून. जागा झाली की लगेच डावीकडे यायचं आणि हात वर करून आभार मानायचे. पुढच्या वेळी तोच ड्रायव्हर दुसऱ्या कुणासाठी थांबतो, असा माझा विश्वास आहे.

मी कार चालवतो. सायकलला ओलांडून जाताना किती अंतर सोडायचं?

सायकलस्वाराने उजवा हात पूर्ण पसरला तरी तुमच्या आरशाला लागणार नाही, इतकं तरी सोडा. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ साली हे अंतर ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला निदान दीड मीटर असं लिहिलं गेलं, आणि वेग जास्त असेल तर अंतरही जास्त. आपल्या रस्त्यांवर दीड मीटर ऐकून लोक हसतात. पण खड्डे आपल्याकडे जास्त आहेत, म्हणजे सायकल डुलण्याची शक्यताही जास्त आहे.

जागा नसेल तर मागे थांबा. याचा हिशेब एकदा करून बघा. सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली असेल तर तिच्यामागे शंभर मीटर जायला २४ सेकंद लागतात. ताशी ४० ने तेच अंतर ९ सेकंदांत संपतं. म्हणजे वाचले १५ सेकंद, आणि कर्वे रस्त्यावर ते पुढच्या सिग्नलला उभे राहण्यातच जातात.

ओलांडून झाल्यावर लगेच डावीकडे घेऊ नका. आतल्या आरशात सायकल पूर्ण दिसेपर्यंत सरळ राहा. ‘कट मारला’ असं आपण ज्याला म्हणतो, ते बहुतेक वेळा ओलांडताना होत नाही, ओलांडल्यानंतरच्या या घाईत होतं.

शहरात तसाही वेग कमीच असतो. मग एवढी भीती कशाची?

गर्दीत कमी असतो. रात्री दहानंतर किंवा रविवारी सकाळी तसा नसतो. ताशी ३० ने चाललेल्या कारसमोर अचानक कोणी आलं, तर ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरून कोरड्या रस्त्यावर ती साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० असेल तर साधारण २८ मीटर लागतात. वेग दुपटीपेक्षा कमी वाढला, पण अंतर दुपटीहून जास्त झालं, आणि धडकेतली ऊर्जा जवळपास पावणेतीन पट. सायकलवरच्या माणसाभोवती ना पत्रा असतो, ना एअरबॅग.

मागून हॉर्न वाजवला की सायकलवाले बाजूला का होत नाहीत?

अगदी जवळ येऊन हॉर्न वाजवला की माणूस दचकतो, आणि दचकलेल्या माणसाचं हँडल हलतं. शिवाय हॉर्नवरून गाडी डावीकडून येतेय की उजवीकडून, स्कूटर आहे की ट्रक, हे काही कळत नाही. तुम्ही येत असल्याचं सांगायचंच असेल तर दूर असतानाच एकदा हलकेच वाजवा. जो आधीच कडेला आहे, त्याच्याकडे आणखी बाजूला व्हायला जागाच नसते.

उभ्या गाडीचं दार उघडताना काय काळजी घ्यायची?

माझा स्वतःचा एकमेव मोठा अपघात दारामुळेच झाला. आपटे रस्त्यावर उभ्या कारचं उजवं दार समोर उघडलं, मी दाराच्या कडेवर आदळलो आणि गळपट्टीचं हाड मोडलं. दार उघडणारे गृहस्थ बिचारे भले होते, दवाखान्यात तेच घेऊन गेले. त्यांनी फक्त मागे पाहिलं नव्हतं.

सवय अगदी सोपी आहे. दाराच्या विरुद्ध बाजूच्या हाताने दार उघडा. ड्रायव्हरने डाव्या हाताने, डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. तसं केलं की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. लहान मुलांना पहिल्यापासून असंच शिकवा. आणि रिक्षातून किंवा कॅबमधून उतरणाऱ्यांनो, रस्त्याच्या बाजूने उतरू नका.

बस, टँकर, डंपर यांच्या जवळून सायकल कशी न्यायची?

याचं उत्तर लांब आहे, कारण चूक झाली तर सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि सायकल डावीकडून चालते. म्हणजे मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला सगळ्यात कमी दिसतं, नेमक्या त्याच बाजूला आपण असतो. डाव्या दाराच्या खालचा भाग, बंपरच्या अगदी पुढची जागा आणि मागच्या चाकांजवळचा पट्टा त्याला आरशातही जेमतेम दिसतो. तुम्हाला त्याचा चेहरा किंवा आरशातले डोळे दिसत नसतील, तर त्याला तुम्ही दिसत नाही असंच धरून चाला.

दुसरी गोष्ट वळणाची. लांब गाडी डावीकडे वळताना पुढचं चाक कोपरा मोठ्या घेराने पार करतं, मागचं चाक मात्र कोपऱ्याला घासत आतून येतं. सिग्नलला थांबलेल्या डंपरच्या डावीकडे मोकळी जागा दिसते, सायकल तिथे अलगद पुढे जाते, सिग्नल सुटतो, डंपर डावीकडे वळतो आणि ती जागा मिटते. म्हणून थांबलेल्या मोठ्या गाडीच्या डावीकडून पुढे जायचं नाही. मागे, त्याच्या आरशात दिसेल असं थांबायचं. दोन मिनिटं धूर सहन करावा लागला तरी चालेल.

पीएमपीच्या बसचं गणित थोडं वेगळं. ती दर थांब्याला डावीकडे येणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं. बस थांब्याकडे वळायला लागली की डावीकडून निसटायचा प्रयत्न करू नका. उतरणारे प्रवासी थेट तुमच्या पुढ्यात येतात. मागे थांबा किंवा वळून बघून उजवीकडून जा. बसच्या चालकदादांना माझी एक विनंती आहे. ओलांडलेली सायकल पुढच्याच थांब्यावर पुन्हा तुमच्या शेजारी येणार असते, तेव्हा थांबा पन्नास मीटरवर असेल तर तिला ओलांडूच नका.

कार, रिक्षा डावीकडे वळताना?

वळण्याआधी डावा आरसा बघा, इंडिकेटर वळायच्या बऱ्याच आधी लावा आणि सायकल सरळ जात असेल तर तिच्यामागून वळा. ‘पटकन पुढे जाऊन वळतो’ हा अंदाज चुकतो, कारण उतारावर सायकलसुद्धा ताशी तीसने सहज येते. रिक्षावाले काका प्रवाशाने हात केला की तिथल्या तिथे डावीकडे घेतात. सायकलवाल्याने रिक्षाच्या मागे असताना फुटपाथवर हात करणारं कोणी आहे का, हेही बघत राहावं.

मोठ्या चौकात सायकलवरून उजवीकडे कसं वळायचं?

दोन रस्ते आहेत. सराव असेल आणि गर्दी कमी असेल तर चौकाच्या बऱ्याच आधी मागे बघायचं, उजवा हात दाखवायचा, एकेक लेन ओलांडत उजवीकडे यायचं. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, विशेषतः विद्यापीठ चौकासारख्या ठिकाणी. सरळ सिग्नलवर डाव्या कडेने चौक पार करायचा, पलीकडच्या कोपऱ्यात थांबायचं, सायकल वळवायची आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की सरळ जायचं. किंवा उतरून झेब्रावरून सायकल हातात धरून चालायचं. मिनिटभर जास्त लागतो, जीव टांगणीला लागत नाही.

हात दाखवण्याबद्दल एक बारकावा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. उजवा हात दाखवताना तो हातात नसतो, म्हणून वेग आधी कमी करा आणि मग हात काढा. वळताना दोन्ही हात हँडलवर हवेत.

सायकल ट्रॅक बांधलेत ना? मग तिथून का जात नाही?

हा प्रश्न मला दुखतो, कारण मी पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्या दिवसांच्या गोष्टी ऐकत वाढलो.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांची सेवा, सुरू झाली, तिच्याबरोबर सातारा रस्त्याच्या कडेने सायकल ट्रॅकही आले. पुढे इतर रस्त्यांवरही झाले. २०१७च्या शेवटी महापालिकेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या. औंधमध्ये आणि विद्यापीठाच्या आवारात लोक हौसेने चालवत होते, आणि दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या.

आता एखाद्या ट्रॅकवरून चालवून बघा. पन्नास मीटर छान जातात. मग उभी स्कूटर, मग विजेचा डीपी, मग चहाची टपरी, मग झाड, मग बसथांब्याची मागची बाजू, आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी खाली-वर होणारे पेव्हर ब्लॉक. ट्रॅक संपतो तिथे रस्त्यावर उतरायला उतारही नसतो, सायकल उचलून खाली ठेवावी लागते. चाळीस पावलांनी उतरायला लागणारा ट्रॅक वापरण्यापेक्षा रस्त्याने सरळ चालणं सुरक्षित वाटतं, ते यामुळे. जो ट्रॅक सलग आणि मोकळा आहे, तो मी आवर्जून वापरतो.

यात गाडीवाल्यांना आजच करता येण्यासारखं एक काम आहे. ट्रॅकवर गाडी लावू नका आणि गर्दी टाळायला दुचाकी त्यावरून नेऊ नका. फुटपाथ आणि सायकल ट्रॅकवरून मोटार वाहन चालवायला नियमाने मनाई आहे. ‘रिकामाच तर होता’ असं म्हणतात, पण तो रिकामा असतो कारण लोकांनी तिथून जाणं सोडून दिलेलं असतं.

मग सायकल फुटपाथवरून नेली तर?

मोठ्या माणसांनी नेऊ नये. फुटपाथ आजी-आजोबांचा, बाबागाडीचा आणि शाळकरी पोरांचा आहे. जी तक्रार आपण कारबद्दल करतो, तीच पायी चालणाऱ्यांना आपल्याबद्दल करायची वेळ येऊ नये. रस्ता फारच भयंकर वाटला तर उतरा आणि सायकल चालवत नव्हे, धरून न्या.

थोडंच अंतर आहे, उलट्या दिशेने गेलं तर काय बिघडतं?

खूप बिघडतं. चौकात वळणारा ड्रायव्हर जिकडून वाहनं येतात तिकडे बघतो. तुम्ही त्याच्या पाठीमागून येता. शिवाय समोरून येणाऱ्या सरळ सायकलवाल्याला तुमच्यामुळे रस्त्याच्या मध्यात जावं लागतं. सिग्नल तोडण्याचंही तेच. मला उशीर झालेला असतो तेव्हा मोह होतो, हे कबूल करतो. पण सिग्नलला थांबलेल्या सायकलकडे गाडीवाले वाहन म्हणून बघतात, हा फरक मी स्वतः अनुभवला आहे.

मी स्कूटर चालवते. हे सगळं कारवाल्यांसाठी आहे ना?

नाही ताई, पुण्यात तर ते आधी दुचाकीवाल्यांसाठी आहे. सायकलच्या डावीकडून, फुटपाथ आणि सायकलच्या मधल्या फटीतून जाणारी वाहनं जवळजवळ सगळी दुचाकी असतात. तिकडून कोणी येईल याची सायकलवाल्याला अजिबात कल्पना नसते. ओलांडायचं ते उजवीकडूनच.

हेल्मेट आणि दिवे सक्तीचे आहेत का?

मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती दुचाकी मोटार वाहनांसाठी आहे, सायकलला ती लागू नाही. मी घालतो, कारण रस्त्यावर डोकं आपटण्यासाठी गाडीची गरज नसते, ओला चेंबरही पुरतो. पण दोन्हींत निवड करायची झाली तर मी दिव्याला आधी पैसे देईन. हेल्मेट पडल्यावर वाचवतं, दिवा पडू देत नाही. मागे लाल, पुढे पांढरा. मागच्या मडगार्डवरचा रिफ्लेक्टर जुना दिसतो म्हणून काढून टाकू नका, पॅडलवरचेही राहू द्या. ते वरखाली हलतात, त्यामुळे दुरूनही सायकल आहे हे ओळखू येतं.

सोसायटीतल्या वॉचमनदादांच्या सायकलला दिवा नसेल तर सोसायटीने घेऊन द्यावा. आमच्याकडे दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर दिवेही दिले. खर्च फार आला नाही.

आणि गाडीवाल्यांनो, शहरात हायबीम नको. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला त्या प्रकाशात पुढचा खड्डा दिसत नाही.

पावसाळ्यात सायकल बंद ठेवावी का?

ठेवायची गरज नाही, सवयी बदलायला हव्यात. पहिल्या दोन-तीन सरींत रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून साबणासारखा थर होतो. झेब्राचे रंगवलेले पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, कामासाठी टाकलेल्या पोलादी प्लेटा आणि गुळगुळीत पेव्हर ब्लॉक यांच्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको, सरळ जा. रिमवर घासणारे ब्रेक भिजले की पहिली काही आवर्तनं लागतच नाहीत, म्हणून अधूनमधून हलके दाबून रिम पुसून घ्या. साचलेल्या पाण्याखाली किती खोल खड्डा आहे ते कळत नाही, तेव्हा सायकल त्याला वळसा घालणार, हे मागच्या ड्रायव्हरने गृहीत धरावं आणि पाणी उडवत जवळून जाऊ नये.

मुलांना शाळेत सायकलने पाठवावं का?

रस्ता बघून ठरवा. आधी सुट्टीच्या दिवशी तोच रस्ता मुलासोबत दोन-चार वेळा करा. मूल पुढे, आई किंवा बाबा थोडे मागे आणि थोडे उजवीकडे. मागे वळून बघताना हँडल हलत नाही, एका हाताने सरळ चालवता येतं, हे जमल्याशिवाय एकट्याने नको. ‘मोठा झाल्यावर पुरेल’ म्हणून उंच सायकल घेऊ नका. सीटवर बसून पाय जमिनीला टेकले पाहिजेत. दप्तर हँडलला लटकवायचं नाही, कॅरिअरला बांधायचं.

ई-सायकलला लायसन्स लागतं का?

मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नियमांनुसार ती मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी, लायसन्स नको. कुणी वेगमर्यादा काढून ती ताशी ४५ ने पळवत असेल तर मात्र ते मोटार वाहन झालं आणि त्याला सगळे नियम लागले.

सायकलला कुठे बंदी आहे?

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आणि वांद्रे–वरळी सागरी सेतूवर सायकलला मनाई आहे. शहरातल्या उड्डाणपुलांवर चढण्याआधी पाटी बघा. बंदी नसली तरी मी खालून जातो. चढावर सायकलचा वेग फारच कमी होतो आणि मागच्या गाड्या मात्र जोरात येतात.

अपघात झालाच तर?

आधी माणूस, मग बाकी सगळं. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. मानेला किंवा पाठीला लागलं असेल तर ओढाताण करून उठवू नका; मागून येणारी वाहनं थांबवा.

धडक देणाऱ्या वाहनाच्या चालकाने जखमीच्या उपचाराची व्यवस्था करणं आणि पोलिसांना कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे बंधनकारक आहे. मदत करायला घाबरणाऱ्यांसाठी : २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ मदतकर्त्याला संरक्षण देतं. त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. २०२५ साली केंद्र सरकारने मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमींसाठी, पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोकड उपचारांची योजनाही लागू केली. सायकलस्वाराचा स्वतःचा विमा नसला तरी समोरच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा त्याच्यासाठीच असतो. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करतात. धडक देऊन गाडी पळून गेली तरी हिट अँड रनसाठी सरकारी भरपाई आहे, मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी, म्हणून ‘जाऊ दे, खरचटलंय’ म्हणून निघून जाऊ नका. गाडीचा नंबर, जागेचा फोटो आणि पाहणाऱ्या एखाद्याचा फोन नंबर घेऊन ठेवा.

आणि लगेच सायकलवर बसून घरी निघू नका. अंगात तेव्हा जोर असतो, दुखणं तासाभराने कळतं. मलाही तुटलेलं हाड दवाखान्यात पोचल्यावरच समजलं होतं. सायकल जवळच्या दुकानात ठेवा, रिक्षाने जा, आणि परत न्यायला याल तेव्हा चिमटा (पुढचं चाक धरणारा भाग), हँडल आणि चाकाचा ‘आउट’, म्हणजे चाक वाकडं फिरतंय का, हे दुकानदाराकडून तपासून घ्या.